मापाची बंदूक



आपले मुदखेड हे रेल्वेचे जंक्शन आणि फुलांचे गाव. येथे बंदुकीवर व्याख्यान कशाला, असे कोणास वाटेल. पण आमच्या युनियनमधील एका ट्रॅकमनच्या मुलाला ट्रॅप नेमबाजीचा नाद लागला. दुकानदाराने त्याला नक्षीची, हलकी दुनळी दाखविली आणि बाप भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढावयास निघाला. मुलगा मला म्हणाला, "काका, घेऊ का?" मी पडलो फावड्या-घमेल्यातला माणूस. उत्तर येईना, म्हणून पुस्तके चाळली.

ट्रॅप म्हणजे पेटी. इंग्लंडात पेटीतून कबूतर सोडीत आणि ते उडताच टिपीत. १९०० साली पॅरिसच्या ऑलिंपिकच्या वेळीही जिवंत कबुतरेच मारली गेली. तत्पूर्वी, १८८० साली, अमेरिकेतील सिनसिनाटीच्या लिगॉव्स्कीने मातीची चकती काढली होती. पुढे तिनेच कबुतराची जागा घेतली. आजची चकती ११ सेंटिमीटर रुंदीची. खंदकातील यंत्र ती नेमबाजापासून दूर, वर फेकते.

बंदूक घडविली ती या चकतीने. शिकारी दिवसभर रान तुडवितो. त्याला हलकी, शेजारी-शेजारी नळ्यांची बंदूक बरी. ट्रॅपचा नेमबाज एका फेरीत २५ चकत्यांवर बार काढतो. बंदूक हलकी असेल तर धक्का खांदाच खातो. म्हणून येथे साडेतीन किलोंहून जड बंदूक लागते. ब्राउनिंगची एकावर एक नळ्यांची बंदूक १९३१ साली बाजारात आली. तिच्यात नजरेला एकच रेघ मिळते, म्हणून या खेळात तीच रुळली. चकती ३०-३५ मीटरवर फुटते. तोवर छर्रे विखरू नयेत म्हणून नळीचे तोंड किंचित आवळलेले असते. चकती चढती असते, म्हणून दस्ताही जरा उंच, म्हणजे छर्रे थोडे वर जातात.

परंतु मुख्य गोष्ट मापाची. उंच माणसाच्या हाती आखूड दांड्याचे फावडे दिले की संध्याकाळी त्याची पाठ धरते, हे आपण जाणतोच. बंदुकीचेही तसेच. ती खांद्याला लावून गाल दस्त्यावर टेकताच डोळा आपोआप नळीच्या रेषेत आला पाहिजे. मान वाकवावी लागली, तर ती बंदूक दुसऱ्या कोणाची समजावी.

आणि बंदूक दीर्घकाळ दुसऱ्याचीच होती! ब्रिटिश मुलखात १८७८ च्या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास बंदी झाली. गोऱ्यांना मात्र सूट. आपल्या निजामी मुलखात आजोबांच्या पिढीने १९४८ साली बंदूक पाहिली ती रझाकाराच्या खांद्यावर. पुढे १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचे रौप्यपदक मिळविले ते बिकानेरच्या महाराजा कर्णीसिंहांनी. २००४ साली अथेन्सला डबल ट्रॅपचे रौप्य राज्यवर्धनसिंह राठोड या सैनिकाने आणले. म्हणजे हा खेळ राजवाड्याबाहेर पडला आहे. पण त्याचा खर्च अजून राजवाडी आहे. ट्रॅकमनच्या घरात एक चुकीची खरेदी म्हणजे बापाच्या कित्येक वर्षांच्या पावसापाण्यातील कामावर पाणी.

मी मुलाला सांगितले, "नक्षी चकती फोडीत नाही. आधी क्लबच्या बंदुकीवर हात बसव, स्वतःचे माप घे, परवान्याचा अर्ज कर, मग दुकान."

बापाने निधीचा अर्ज परत घेतला आहे. मुलगा क्लबच्या जुन्या बंदुकीवर शिकतो आहे.