दर्या की दऱ्या? जुन्या मजकुराला दिलेल्या वचनाचा इतिहास

१/ पनवेलच्या खाडीतून वाट दर्याकडे जाते आणि तालुक्यातील कर्नाळ्याच्या डोंगराखाली दऱ्या उतरतात. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' डोंगरांतल्या. दोहोंत भेद केवळ एका अर्ध्या 'र'चा. संगणकावर तो टिकवण्याची कथा रंजक आहे. #धागा

२/ 'दर्या'त 'र' रफार होऊन डोक्यावर बसतो; 'दऱ्या'त तो आडव्या पापणीसारखा 'य'च्या आधी येतो. मराठीत याविना 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतील फरकच उरत नाही.

३/ १९९१ च्या 'इस्की' या भारतीय मानकात हे रूप खाली बिंदू असलेल्या 'ऱ'ला हलन्त जोडून साधले जाई. १९९६ च्या युनिकोड २.० मध्ये मात्र वेगळी रीत होती : साधा 'र', हलन्त आणि पुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह.

४/ पुढे युनिकोडने इस्कीची रीत स्वीकारली. जुनी रीत त्याच वेळी रद्द केली असती, तर तिने लिहिलेल्या मजकुराला आधार उरला नसता. म्हणून आवृत्ती २.० शी सुसंगती राखण्यासाठी स्वतंत्र नियम आला : जुना क्रमही हेच रूप दाखवील.

५/ वचन पाळले गेले. पण त्याची किंमत शोधणाऱ्याला मोजावी लागते. 'ग्रेप' हे आज्ञा टंकून चालवायचे शोधसाधन युनिक्समध्ये १९७३ साली आले. ते अक्षराचे रूप पाहत नाही, त्यामागील संकेतांक जुळवते. एका रीतीने टंकलेला 'दऱ्या' शोधला, तर दुसऱ्या रीतीचा हाती लागत नाही. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे!

६/ मग ग्रेपच का बदलू नये? कारण असंख्य जुन्या आज्ञावली त्याच्या काटेकोरपणावर विसंबून आहेत. मूळ वर्तन तसेच ठेवून नवी सोय वेगळ्या पर्यायाने द्यावी, हा या साधनांचा जुना शिरस्ता. इंग्रजीतील लहान-मोठ्या लिपीचा भेदसुद्धा ग्रेप '-आय' हा पर्याय दिल्यावरच विसरते.

७/ मराठीसाठीही हाच मार्ग सुरक्षित ठरतो. मजकुराची प्रत घ्यावी, 'सेड' या साधनाने तिच्यातील जुना क्रम नव्यात बदलावा आणि मग ग्रेप चालवावे. मूळ दस्तऐवजाला हात लागत नाही, ग्रेपलाही नाही.

८/ एखाद्या जुन्या संग्रहात 'दऱ्या' सापडला नाही, म्हणून तो तिथे नव्हताच, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी अभ्यासकाने दोन्ही रीतींनी शोध घ्यावा.