जर्सी नेमकी कुणाची?

फुटबॉलचा नवा सीझन जवळ आला की एक कार्यक्रम न चुकता होतो. क्लब नवी जर्सी जाहीर करतो आणि तासाभरात जगभरचे चाहते तिची पिसं काढायला बसतात. "पायजम्याचं कापड दिसतंय", "बाह्यांना ठिगळं का लावलीत?", "मागच्या वर्षीचीच बरी होती" (मागच्या वर्षी तीही कुणाला आवडली नव्हती, पण ते सोडा). आपल्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांना यात नवीन काही नाही. मेनू डावीकडचा उजवीकडे नेला तरी पंधरा दिवस शिव्यांच्या मेल येतात आणि सोळाव्या दिवशी सगळं शांत. त्यामुळे क्लबच्या मार्केटिंगवाल्यांनीही एक धडा पाठ करून ठेवलाय: ओरडू द्या, सवय होते.

मंडळी, हा धडा अर्धाच खरा आहे. जर्सीचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास चाळला तर ओरड दोन जातींची दिसते. एक नक्षीबद्दलची, ती खरंच पंधरा दिवसांत विरते. दुसरी रंग आणि नावाबद्दलची. ती तीन-तीन वर्षं चालते, आणि ट्रॉफी जिंकून दिली तरी थांबत नाही. असं का होतं, याचा शोध घ्यायचा हा वीकेंडी प्रयत्न.

आधी एक गंमत. ज्या रंगांसाठी लोक जीव टाकतात, ते बहुतेक वेळा योगायोगानं आलेले असतात. इटलीचा युव्हेंटस १८९७ मध्ये स्थापन झाला तेव्हा चक्क गुलाबी शर्ट घालून खेळायचा. धुऊन धुऊन ते कापड विटलं. क्लबात जॉन सॅव्हेज नावाचा एक इंग्रज सभासद होता, त्याच्या ओळखीतून इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमहून नवे शर्ट मागवले. आले ते तिथल्या नॉट्स काउंटी क्लबाचे, काळ्यापांढऱ्या उभ्या पट्ट्यांचे. साल १९०३. तेव्हापासून युव्हेंटस म्हणजे काळापांढरा. २०११ मध्ये युव्हेंटसनं नवं स्टेडियम बांधलं, तेव्हा पहिल्या सामन्याला मुद्दाम नॉट्स काउंटीला बोलावलं होतं. उपकाराची जाण म्हणा हवं तर.

ब्राझीलचं पिवळंही असंच. १९५० पर्यंत ब्राझील पांढऱ्या शर्टात खेळायचा. १६ जुलै १९५० ला माराकाना स्टेडियमवर उरुग्वेनं त्यांना २-१ असं हरवलं, वर्ल्ड कप हातचा गेला आणि सगळा देश सुतकात. पांढरा रंगच अपशकुनी ठरला. मग 'कोरेयू द मान्या' या वर्तमानपत्रानं १९५३ मध्ये स्पर्धा लावली. अट एकच, झेंड्यातले चारही रंग वापरायचे. स्पर्धा जिंकली आल्दिर श्ली नावाच्या १९ वर्षांच्या पोरानं. हा पोरगा उरुग्वेच्या सीमेवरच्या गावचा, आणि मनानं उरुग्वेचाच पाठीराखा! १९५४ पासून ब्राझील त्याच्या पिवळ्या शर्टात खेळू लागला. आणि १९५८ मध्ये पहिला वर्ल्ड कप जिंकला तो निळ्या शर्टात, कारण फायनलला समोर स्वीडन होतं आणि पिवळा रंग त्यांचाही होता.

थोडक्यात, परंपरा म्हणून आपण ज्याला हात जोडतो ती कुणाच्या तरी पार्सलातून नाहीतर वर्तमानपत्राच्या स्पर्धेतून आलेली असते. मग ती बदलली तर एवढं आकांडतांडव कशाला? याचं उत्तर मला कोल्हापुरात सापडतं.

वर्ल्ड कपच्या दिवसांत ज्यानं कोल्हापूर पाहिलंय त्याला मी काय म्हणतो ते कळेल. आल्दिर श्लीचं पिवळं आणि अर्जेंटिनाचं आभाळी निळं यांत गल्ल्याच्या गल्ल्या वाटल्या जातात. फ्लेक्स, झेंडे, रंगवलेल्या भिंती, सगळं. पण तो चार वर्षांतून एकदाचा सण. रोजचा संसार वेगळा आहे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही तिथल्या संघांची नावं. नावावरूनच कळतं की ह्यांचं मूळ पेठेत आणि कुस्तीच्या तालमीत आहे. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. तिच्या स्पर्धा शाहू स्टेडियमवर होतात आणि पेठेच्या पेठा लोटतात. कधी प्रकरण हमरीतुमरीवर येतं, तेही खरंच. पण त्याच मातीतून अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपात भारताची निळी जर्सी घालून खेळला.

इथे जर्सीचा मालक कोण? प्रश्नच चमत्कारिक वाटतो ना! तालमीची जर्सी तालमीची. आजोबा त्या तालमीचे, बाप त्या तालमीचा, म्हणून पोरगाही त्या तालमीचा. रंग योगायोगानं आला असेल, पण तो अंगावर घेऊन तीन पिढ्या गेल्या की योगायोग उरत नाही. आडनाव कुठून आलं हे आपल्याला कुठे माहीत असतं? म्हणून ते कुणी बदलून दिलं तर चालेल का?

आता जर्सी विकायची वस्तू कधी झाली ते पाहू. सत्तरच्या दशकापर्यंत इंग्लंडातल्या शर्टांवर फारसं काही नसायचं. एक रंग, गळा, संपलं. साधा पांढरा शर्ट कुणीही शिवून विकावा. अ‍ॅडमिरल या कंपनीनं यात धंदा ओळखला. १९७३ मध्ये लीड्स युनायटेडशी आणि १९७४ मध्ये थेट इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाशी करार केला, आणि शर्टावर पट्ट्या, कॉलर, स्वतःचं चिन्ह असा साज चढवला. त्यामागचं तर्कशास्त्र आपल्या लायसन्सिंगसारखंच आहे. पांढऱ्या रंगावर कुणाचा हक्क सांगता येत नाही, नक्षीवर सांगता येतो. एकदा हक्क मिळाला की तोच शर्ट पोरांना दुकानात विकता येतो. आणि पुढच्या वर्षी पुन्हा विकायचा असेल तर नक्षी बदलायला हवी. दरवर्षीचं नवं व्हर्जन इथून सुरू झालं :)

१९७३ मध्येच जर्मनीत आणखी एक प्रकार घडला. आइनट्राख्ट ब्राउनश्वाइग या क्लबाला येगरमायस्टर या मद्यकंपनीची जाहिरात छातीवर हवी होती, पण नियम आडवा येत होता. सभासदांनी मतदान करून क्लबाचं चिन्हच बदललं. सिंह गेला, कंपनीच्या बाटलीवरचा सांबराचा मुखडा आला. चिन्ह घालायला कोण मना करणार? असा बग वापरून फीचर काढणारे लोक सगळीकडे असतात. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथे निदान सभासदांनी मतदान केलं होतं.

छातीवरच्या जाहिरातीवरून आठवलं. माझं गाव तेरखेडा, वाशी तालुक्यातलं. शोभेच्या दारूकामासाठी, म्हणजे फटाक्यांसाठी, मराठवाड्यात आणि बाहेरही नाव आहे. एका दिवाळीत मी युरोपातल्या एका बड्या क्लबाची जर्सी घालून गावात फिरत होतो. चुलते म्हणाले, "काय रं, ह्यो कुठल्या कंपनीचा ड्रेस? नोकरी बदललास का काय?"

"नाही तात्या, फुटबॉलच्या क्लबाचा आहे."

"मग नाव कंपनीचं कसं काय? अन् असलं नायलॉनचं घालून कारखान्याकडं फिरकू नको. सुती घाल."

दुसरं वाक्य सेफ्टीचं आहे. दारूकामाच्या ठिकाणी सुतीच कपडे घालायचे असतात, कारण कृत्रिम धाग्यात स्थिर वीज साठते आणि एक ठिणगी पुरते. आजच्या जर्स्या सगळ्या पॉलिएस्टरच्या. पण पहिला प्रश्न मला जास्त लागला. तात्यांनी फुटबॉल कधी पाहिला नाही, तरी एका नजरेत मुद्दा ओळखला: ज्याचं नाव मोठ्या अक्षरात, त्याचा ड्रेस.

तर, कंपनीनं हेच तात्यांसारखं धरून चाललं की काय होतं?

२००५ मध्ये ऑस्ट्रियात रेड बुलनं साल्झबुर्गचा १९३३ पासूनचा क्लब विकत घेतला. नाव बदललं, जांभळापांढरा रंग काढून लालपांढरा आणला. जुन्या चाहत्यांनी वाटाघाटी करून पाहिल्या, जमलं नाही. मग त्यांनी जुन्या नावाचा, जुन्या रंगाचा नवा क्लब काढला आणि २००६ मध्ये सातव्या डिव्हिजनपासून खेळायला सुरुवात केली. विचार करा, घरच्या संघाला युरोपात खेळताना पाहायचं सोडून लोक जांभळ्या रंगापायी खेडोपाडीच्या मैदानांवर गेले.

वेल्समधल्या कार्डिफ सिटीची टोपणनावासकट ओळख निळी, 'ब्ल्यूबर्ड्स'. २०१२ मध्ये मलेशियन मालक व्हिन्सेंट टॅन यांनी घरची जर्सी लाल केली. लाल शुभ, आशियात खपेल, असा हिशेब. आणि पुढच्याच वर्षी क्लब १९६२ नंतर प्रथमच वरच्या डिव्हिजनमध्ये गेला! पंधरा दिवसांचा नियम खरा असता तर इथे विषय संपायला हवा होता. नाही संपला. लोक निळे मफलर घालून लाल संघाला पाहायला येत राहिले, काही यायचेच बंद झाले. जानेवारी २०१५ मध्ये टॅन यांनी निळा परत दिला.

आपल्याकडचं उदाहरण कोलकात्याचं. मोहन बागान १८८९ चा. १९११ मध्ये बहुतेक खेळाडू अनवाणी असताना ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शील्ड जिंकलेला. २०२० मध्ये गोएंका समूहानं ८० टक्के हिस्सा घेतला आणि आपल्या एटीके संघाशी जोड घातली. इथे मालक शहाणे निघाले, हिरवा-मरून रंग राखला, शिडाची नावही राखली. फक्त नावाआधी 'एटीके' लागलं. तेवढी तीन अक्षरं काढा म्हणून चाहते तीन वर्षं लढले. १८ मार्च २०२३ ला गोव्यात संघानं आयएसएल जिंकली आणि त्याच रात्री संजीव गोएंकांनी ती अक्षरं काढल्याचं जाहीर केलं. त्यांच्या जागी 'सुपर जायंट' आलं, म्हणजे मालकाचा शिक्का नावापुढून नावामागे गेला. पण गेला.

इथे मालकांची बाजूही मांडायला हवी. पैसा कुठून तरी यायला लागतो. मोहन बागानला आयएसएलमध्ये जायला गोएंकांचा पैसा लागला, कार्डिफच्या डोक्यावर कर्ज होतं. नुसत्या निष्ठेवर खेळाडूंचे पगार होत नाहीत. चाहत्याचं म्हणणंही फार मोठं नाही: खेळाडू बदला, कोच बदला, तिकीट वाढवा, पण मी ज्याला माझं म्हणतो ती एक गोष्ट मला विचारल्याशिवाय बदलू नका.

इंग्लंडनं हे म्हणणं शेवटी कायद्यात घातलं. २०२५ च्या फुटबॉल गव्हर्नन्स कायद्यानुसार क्लबाचं चिन्ह किंवा घरच्या जर्सीचे रंग बदलायचे तर देशातल्या बहुसंख्य चाहत्यांचा पाठिंबा असल्याचं दाखवावं लागतं. नक्षी हवी तेवढी बदला, हरकत नाही. ओरडीच्या दोन जाती कायद्यानंही ओळखल्या म्हणायच्या.

पण आपल्या पुण्याला ह्या कायद्याचा काही उपयोग झाला नसता. २०१४ मध्ये एफसी पुणे सिटी आला, बालेवाडीला सामने सुरू झाले, 'ऑरेंज आर्मी' स्टँडात गाणी म्हणू लागली. २०१७-१८ मध्ये संघ सेमीफायनलपर्यंत गेला. ऑगस्ट २०१९ मध्ये क्लब बंद, त्याची जागा हैदराबाद एफसीनं घेतली, तीही पिवळ्या रंगात. त्या हैदराबादनं २०२१-२२ ची आयएसएल जिंकली आणि २०२५ मध्ये तोही संघ दिल्लीला हलवला गेला. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती, २०१० मध्ये तो संघ कंपनीनं बंद केला. इथे कुणी जर्सीचा रंग बदलला नाही. जर्सीच उरली, क्लब गेला. कपाटातल्या त्या नारिंगी जर्सीबद्दल मत द्यायला कुणाकडे जायचं?

म्हणून नव्या जर्सीवर चाहते तुटून पडतात तेव्हा मला हल्ली बरं वाटतं. भांडायला समोर क्लब शिल्लक आहे, ही काही लहान गोष्ट नाही. कोल्हापुरात पैसा कमी असेल, लाइट्स आणि कॅमेरे कमी असतील, पण पाटाकडील किंवा दिलबहार उचलून कुणी हैदराबादला नेऊ शकत नाही. आणि जर्सी नाहीच आवडली, तर अध्यक्षांचं घर त्याच पेठेत असतं. संध्याकाळी जाऊन सांगता येतं.