काजारकालीन इराण : सरदार घराण्यांची कौटुंबिक पत्रे आणि घरगुती जीवन

इराणवर १७८९ ते १९२५ या काळात काजार घराण्याची सत्ता होती. या काळाचा इतिहास बराच काळ दरबारी बखरी आणि युरोपीय प्रवाशांची वर्णने यांवरूनच लिहिला गेला. बखरकारांना घरातल्या गोष्टींची नोंद करण्याचे कारण नव्हते आणि परक्या पुरुषांना जनान्यात प्रवेश नव्हता. त्यामुळे उमराव घराण्यांतील स्त्रिया पडद्याआड निष्क्रिय बसून असत, असा समज रूढ झाला. घराघरांत जपून ठेवलेल्या पत्रांवरून आणि विवाहपत्रांवरून मात्र वेगळे चित्र दिसते.

अंदरूनी आणि बिरूनी

मोठ्या इराणी वाड्याचे दोन भाग असत. बाहेरचा भाग म्हणजे 'बिरूनी'. पाहुणे, कारकून, फिर्यादी यांची ये-जा तिथे चाले. आतला भाग म्हणजे 'अंदरूनी'. तिथे पत्नी, मुले, विधवा आत्या-मावश्या, दाया आणि दासी राहत. राजवाड्यात आणि बड्या घरांत खोजेही असत. दासी आणि खोजे यांपैकी अनेक जण आफ्रिकेतून किंवा कॉकेशसमधून गुलाम म्हणून आणलेले असत. इराणमध्ये गुलामगिरीवर कायद्याने बंदी आली ती १९२९ मध्ये.

शिया धर्मशास्त्रानुसार पुरुषाला एका वेळी चार कायमच्या पत्नी करता येत. याशिवाय 'सिगे' म्हणजे ठरावीक मुदतीचा विवाहही मान्य होता. एकाच वाड्यात अनेक पत्नी असल्या तरी त्यांचा दर्जा सारखा नसे. माहेरचे कूळ, विवाहाचा प्रकार आणि मुलगा असणे यांवर तो ठरे. घरातील सर्वांत वजनदार स्त्री बहुधा सासू असे.

पत्रांची गरज का पडली?

फतेह अली शाहला (कारकीर्द १७९७–१८३४) शंभराहून अधिक मुले होती. शाहजाद्यांना फार्स, किरमान, खुरासान अशा प्रांतांवर सुभेदार नेमण्याची पद्धत होती, तर युवराजाचा मुक्काम तब्रीझला असे. परिणामी एकाच घरातील माणसे शेकडो मैलांवर विखुरली. आई तेहरानला, मुलगा तब्रीझला, मुलगी सासरी तिसऱ्याच शहरात, अशी स्थिती नेहमीची होती. आधुनिक टपालखाते उभे राहिले ते १८७० च्या दशकात. त्याआधी पत्रे घोडेस्वार जासूद, व्यापारी काफिले किंवा यात्रेकरू यांच्या हाती पाठवली जात.

पत्र कसे असे?

पत्राची सुरुवात 'कुर्बानत शवम' अशा शब्दांनी होई. 'तुमच्यावरून जीव ओवाळून टाकते' असा त्याचा भाव. पुढे प्रकृतीची विचारपूस आणि मग मुख्य मजकूर. लिपी 'शिकस्ता', म्हणजे मोडीसारखी भराभर लिहिण्याची वळणदार लिपी. जागा संपली की उरलेला मजकूर समासात तिरका लिहीत. अनेक पत्रांवर तारीख नसते. सहीऐवजी मोहोर उमटवली जाई आणि स्त्रियांच्याही स्वतःच्या मोहरा असत. लिहिता न येणारी स्त्री 'मिर्झा' म्हणजे लेखनिकाकडून पत्र लिहून घेई. अर्थातच खासगी गोष्ट तिसऱ्याच्या कानावर जाई. मराठीतील 'मायना' हा शब्द मूळचा अरबी. फारसी पत्रव्यवहाराच्या परंपरेतूनच तो आपल्याकडे रुळला.

पत्रांत काय सापडते?

आजारपण, औषधे, कापडचोपड, दायांचे पगार आणि मुलांचे शिक्षण हे विषय पुन्हा पुन्हा येतात. त्याहून महत्त्वाचा विषय पैशाचा. इस्लामी कायद्यानुसार विवाहित स्त्रीची मिळकत तिचीच राहते. विवाहपत्रात मेहेरची रक्कम नोंदवलेली असे. त्यात रोकड, सोने, आरसा आणि दीपदाने, कधी जमिनीचा हिस्साही असे. त्यामुळे पडद्यात राहणारी स्त्री आपल्या गावांचा वसूल, भाडी आणि वक्फ यांबाबत कारभाऱ्याला पत्राने सूचना देऊ शके.

सोयरीक हे राजकारण

नासिरुद्दीन शाहची आई मलिक जहान खानम 'महदे उलया' या किताबाने ओळखली जाते. १८४८ मध्ये तिचा पती मोहम्मद शाह वारला. मुलगा तब्रीझहून तेहरानला पोहोचेपर्यंत सुमारे दीड महिना तिने राजधानीचा कारभार सांभाळला.

तिची मुलगी इज्जतुद्दौला हिचे लग्न १८४९ मध्ये पंतप्रधान मिर्झा तकी खान ऊर्फ अमीर कबीर याच्याशी झाले. तेव्हा ती कोवळ्या वयाची होती. स्वयंपाक्याच्या पोटी जन्मलेला हा माणूस आता राजाचा मेहुणा झाला. जनान्यातील आणि दरबारातील विरोधकांनी शाहचे मन कलुषित केले आणि १८५१ च्या अखेरीस त्याला पदावरून काढून काशानला धाडण्यात आले. इज्जतुद्दौला त्याच्यासोबत गेली. जानेवारी १८५२ मध्ये तेथील फीन बागेच्या हमामखान्यात शाहच्या हुकमाने त्याला ठार करण्यात आले. पुढे तिचे लग्न नवा पंतप्रधान मिर्झा आका खान नूरी याच्या मुलाशी लावण्यात आले. नूरीची सत्ता १८५८ मध्ये गेली आणि ते लग्नही मोडले. अमीर कबीरपासून झालेल्या तिच्या दोन्ही मुली शाहच्या मुलांना दिल्या गेल्या. त्यांपैकी एकीचा मुलगा पुढे मोहम्मद अली शाह म्हणून गादीवर बसला.

ताजुस्सल्तनेची कैफियत

नासिरुद्दीन शाहची मुलगी ताजुस्सल्तने हिने १९१४ मध्ये आठवणी लिहिल्या. सुलेमान नावाच्या नातेवाईक शिक्षकाला उद्देशून लिहिलेल्या असल्याने त्या एका दीर्घ पत्रासारख्याच वाटतात. आईपेक्षा दाईच्या सहवासात गेलेले बालपण आणि लहान वयात ठरलेले लग्न यांविषयी तिने परखडपणे लिहिले आहे. राजकन्या असूनही स्वतःच्या आयुष्याचा निर्णय आपल्या हाती नव्हता, ही तिची मुख्य तक्रार आहे.

आजचे महत्त्व

हार्वर्ड विद्यापीठात २००९ मध्ये इतिहासकार अफसाने नज्माबादी यांच्या पुढाकाराने काजारकालीन स्त्रीजीवनाचा डिजिटल संग्रह सुरू झाला. खासगी घरांतील पत्रे, विवाहपत्रे आणि छायाचित्रे त्यात पाहता येतात. अर्थात या साधनाला मर्यादा आहेत. पत्रे जपली गेली ती मुख्यतः श्रीमंत घरांत. त्याच घरांत राबणाऱ्या दासींचा आवाज त्यांत क्वचितच ऐकू येतो आणि तोही मालकिणीच्या शब्दांतून. मिळकतीवर हक्क होता, पण लग्नावर नव्हता. उमराव स्त्रीच्या आयुष्यातील हा विरोधाभास मात्र या कागदांतून स्पष्ट दिसतो.