सण, साल आणि सुंभ : खारदांड्याच्या मासेमारीतील वनस्पती

खार आणि दांडा हे दोन्ही शब्द किनाऱ्याच्या भूगोलातून आलेले आहेत. भरतीचे पाणी ज्या जमिनीत शिरते किंवा बांध घालून जिथून ते अडवलेले असते ती खार, आणि पाण्यात लांब निघालेला जमिनीचा पट्टा तो दांडा. वांद्रे आणि जुहू यांच्या दरम्यानच्या अशा किनाऱ्यावर वसलेल्या खारदांडा या कोळीवाड्याचा इतिहास बहुधा मासळीच्या अंगाने सांगितला जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु नायलॉनचा धागा येण्यापूर्वी समुद्रात उतरणारे जवळपास प्रत्येक साधन कोणत्या ना कोणत्या झाडाचा अवयव होते, ही बाब त्यात सहसा नजरेआड राहते. झाडाने तो अवयव स्वतःच्या ज्या गरजेसाठी घडवला होता, त्याच गुणासाठी कोळ्याने तो उचलला, आणि म्हणून या व्यवसायाचा इतिहास वनस्पतींच्या शरीररचनेच्या आधाराने वाचता येतो.

प्रथम जाळ्याचा विचार करणे योग्य ठरेल. मुंबईच्या किनाऱ्यावर बोंबील आणि जवळा यांसाठी वापरले जाणारे मुख्य जाळे म्हणजे डोल. ते रुंद तोंडाच्या आणि मागे निमुळत्या होत जाणाऱ्या पिशवीसारखे असून, समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांच्या आधाराने प्रवाहाच्या तोंडाशी ताणून धरले जाते. पुढची वीण मोठी, तर मासळी साठते त्या शेपटीकडील खोल्याची वीण अगदी बारीक असते. भरती-ओहोटीचा सगळा जोर अंगावर घेणाऱ्या या जाळ्याला लागणारे सूत पूर्वी मुख्यतः सणापासून काढले जाई. सण म्हणजे पिवळ्या फुलांचे, शेंगा धरणारे सरळसोट झुडूप. महाराष्ट्रातील शेतकरी त्यालाच ताग किंवा बोरू म्हणतात आणि हिरवळीच्या खतासाठी पेरतात. पुढे ताग हे नाव बंगालकडील गोणपाटाच्या झाडालाही दिले गेल्यामुळे दोहोंची गल्लत होते, ती टाळलेली बरी.

सणाची काडी आडवी कापून पाहिली तर तिचे थर स्पष्ट दिसतात. बाहेर पातळ अपित्वचा, तिच्या आत मऊ पेशींचा बाह्यक, नंतर पानांत तयार झालेले अन्न इतर भागांकडे नेणाऱ्या रसवाहिन्या, त्यांच्या आत नव्या पेशी निर्माण करणारा ऊतिकराचा बारीक थर आणि त्याच्याही आत मुळांनी शोषलेले पाणी वर चढवणाऱ्या जलवाहिन्या, म्हणजे काडीचे लाकूड. यांपैकी रसवाहिन्यांच्या लगत, सालीच्या आतल्या बाजूस, लांबट आणि जाड भिंतींच्या पेशींचे जुडगे उभे असतात. या पेशी पूर्ण वाढल्यावर बहुतेक मृतच असतात, अन्न किंवा पाणी वाहून नेण्याचे काम त्यांच्याकडे नसते. वाऱ्यात वाकलेली काडी मोडू न देणे एवढेच त्यांचे काम. ताण सोसण्यासाठीच घडलेला हा भाग हाच जाळ्याचा धागा होय. तो सुटा करण्यासाठी काड्यांच्या पेंढ्या काही दिवस पाण्यात बुडवून ठेवत. तेवढ्यात सूक्ष्मजंतू तंतूंना एकत्र धरणारा चिकट पदार्थ खात, पण खुद्द तंतूंच्या जाड भिंतींपर्यंत त्यांची मजल जात नसे, आणि साल सोलून, झोडपून व धुऊन लांब तंतू हाती येत.

मात्र ज्या सूक्ष्मजंतूंच्या बळावर धागा मिळाला तेच पुढे त्याचे वैरी ठरत, कारण ओले जाळे ढिगात पडून राहिले की ते तंतूही कुजवू लागत. त्यावरचा उपाय दुसऱ्या झाडाच्या सालीत होता. सह्याद्रीत आणि बोरिवलीच्या जंगलातही आढळणारा ऐन हा वृक्ष हिरडा, बेहडा आणि अर्जुन यांच्या गोत्रातला असून, मगरीच्या पाठीसारख्या चौकोनी भेगा पडलेल्या त्याच्या सालीवरून तो लांबूनही ओळखू येतो. साल हे झाडाचे केवळ वेष्टन नसते; तिच्यात टॅनिन नावाचे तुरट द्रव्य साठवलेले असते, जे प्रथिनांना घट्ट चिकटून बसते आणि त्यामुळे कीड, बुरशी व जंतू यांना झाड पचवता येत नाही. कच्चा हिरडा चावल्यावर तोंड आखडते ते याच द्रव्यामुळे. ऐनाची साल मोठ्या भांड्यात उकळून तिच्या काढ्यात जाळे बुडवले की ते तांबूस तपकिरी होई आणि झाडाचे संरक्षण करणारे द्रव्य आता तंतूंचे संरक्षण करू लागे. समुद्राच्या पाण्याने ते हळूहळू धुऊन जात असल्यामुळे हे काम ठराविक काळाने पुन्हा करावे लागे, म्हणजेच जाळे विणून संपले तरी त्यावरची मेहनत संपत नसे. कुजणे म्हणजे काय हे जंतुशास्त्राने उलगडण्याच्या कितीतरी आधी किनाऱ्यावर ही उपाययोजना रुळलेली होती, ही गोष्ट कोळ्यांच्या निरीक्षणाची साक्ष म्हणून पुरेशी आहे.

दोरासाठी काथ्या लागे आणि तो फळातून मिळे. नारळाच्या फळाला बाहेर गुळगुळीत साल, मध्ये तंतुमय सोडण आणि आत कठीण करवंटी असे तीन थर असतात. मधल्या थरात हवा कोंडलेली असल्यामुळे फळ लाटांवर तरंगत दूरच्या किनाऱ्याला लागते आणि तिथे रुजते. समुद्रप्रवासासाठीच बनलेल्या या तंतूत लिग्निन हे कठीणपणा देणारे द्रव्य भरपूर असते, म्हणून तो खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही. सोडण कित्येक महिने खाडीच्या पाण्यात मुरवून, कुटून काढलेल्या काथ्याचा दोर म्हणजे सुंभ. एकेक तंतू आखूड असला तरी पिळामुळे तंतू एकमेकांवर आवळले जातात आणि ताण जितका वाढेल तितकी पकड घट्ट होते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण माणसाच्या हट्टाविषयी असली, तरी दोराची सगळी ताकद पिळात असते हे तिने अचूक हेरले आहे. शिडाच्या कापडाला आणि होडीच्या फळ्यांमधील फटी बुजवायला लागणारा कापूस हाही मूळचा प्रवासाचाच सरंजाम, कारण त्याचा प्रत्येक तंतू म्हणजे बीला दूर नेण्यासाठी तिच्या सालीवर उगवलेली एकपेशीय लव असते.

होडीसाठी सागाचे लाकूड पसंत केले जाई. खोड जाड होत जाते तसतसे मधल्या जुन्या जलवाहिन्यांचे काम थांबते आणि झाड त्यांत तेलकट व राळेसारखी द्रव्ये भरून टाकते. त्यातून झालेला गाभा पाणी सहसा शोषत नाही आणि त्याला कीडही सहजी लागत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली मलबारी सागात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे, यावरून या गाभ्याची योग्यता कळते. सागाच्या उलट, बांबूला ऊतिकर नसल्यामुळे तो उगवतानाच्या जाडीचाच राहतो. त्याचे मजबूत तंतू बाहेरच्या कडेला दाटलेले आणि आतली पोकळी पेरांनी अडवलेली असल्याने तो हलका असूनही वाकून मोडत नाही. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने बोंबील वाळत टांगण्याची वलांडी बांबूचीच असण्याचे कारण तेच.

किनाऱ्यावर उभ्या असलेल्या तिवरांचा उपयोग याहून वेगळा होता, कारण तो तोडून नव्हे तर राखून मिळत असे. चिखलात हवा नसल्यामुळे तिवराची मुळे पेन्सिलीएवढी जाड टोके वर काढून ओहोटीच्या वेळी श्वास घेतात, तर पाने जादा मीठ बाहेर टाकतात. या मुळांच्या दाटीत कोळंबीची आणि माशांची पिले वाढतात. खारदांड्यालगत कार्टर रस्त्याच्या किनाऱ्यावर तिवरांचा एक पट्टा अजून टिकून आहे. अशी कांदळवने तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली मनाई केली आणि २०२० साली सफेद चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष म्हणून घोषित झाला.

१९५० नंतरच्या दोन-तीन दशकांत नायलॉनची जाळी, प्लास्टिकचे दोर आणि इंजिनाच्या होड्या किनाऱ्यावर आल्या आणि सण, सुंभ व सालीचा काढा यांची गरज उरली नाही. नायलॉन कुजत नाही, म्हणून कोळ्याचे कष्ट निःसंशय कमी झाले. पण तेच जाळे तुटून समुद्रात हरवले की वर्षानुवर्षे मासे मारत राहते, आणि सणाचे जाळे असे कधी करत नसे. जुन्या जाळ्यांचे नमुने झपाट्याने नाहीसे होत आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली धाग्यातील पेशींच्या आकारावरून तो कोणत्या वनस्पतीचा आहे हे आजही ओळखता येते, तेव्हा दांड्यातील एखाद्या घराच्या माळ्यावर तांबूस रंगाचा जुना तुकडा पडलेला असल्यास तो घरच्यांनी फेकून देऊ नये. कोरड्या जागी, कागदात गुंडाळून ठेवावा.