बिनजोड

भिवंडी, कल्याण, पनवेल या पट्ट्यात बैलांच्या शर्यतीला गाड्यांची रांग लागत नाही. दोन पुरतात. माळावर दोन छकडे शेजारी शेजारी उभे राहतात, निशाण पडतं आणि मिनिटभराच्या आत निकाल लागलेला असतो. आपल्या बैलाला तोड नाही असं ज्याला वाटतं त्याने तसं पुकारायचं, ज्याची छाती होईल त्याने समोर गाडी जुंपायची. ही बिनजोड.

महाराष्ट्रात बाकी ठिकाणी रीत वेगळी. खेड, मंचर, जुन्नरच्या घाटांत गाडा एकटा पळतो, त्याचं भांडण घड्याळाशी. सातारा-सांगलीत एका गटात अनेक गाड्या सुटतात. प्रत्येकीची वाट आखलेली असते आणि त्या वाटेला म्हणतात तास, शेतातल्या नांगराच्या तासासारखंच. विदर्भात शंकरपट, त्यात अमरावतीकडच्या तळेगाव दशासरचा पट नावाजलेला. आमच्याकडे मात्र दोघांची झुंज का रुजली? माझा अंदाज असा, की खाचरांच्या मुलखात सलग आणि रुंद माळ मिळणंच कठीण. बांधाबांधांनी तुकडे पडलेल्या जमिनीत लांब पट्टी एखादी सापडते, आणि तिच्यावर दोन गाड्या मावल्या तरी पुष्कळ.

या शर्यतीचं मूळ भाताच्या शेतीत आहे. पावसाळ्यात बैल चिखलणीला, दिवाळीच्या आसपास कापणी, मग मळणी. ती उरकली की पुढच्या पावसापर्यंत बैलाला फारसं काम नाही आणि माणसाला जत्रांचे दिवस. चिखलात टिकणारा बैल म्हणजे डांगी किंवा गावठी. तो काही वाऱ्याशी स्पर्धा करणारा नव्हे, पण शेजाऱ्याच्या बैलाशी करायला हरकत कसली? दोघांनी सारखाच चिखल तुडवलेला, सारखाच पेंढा खाल्लेला.

एका शेतकऱ्याकडे दोन बैल असतीलच असंही नव्हतं. एकच असेल तर दुसरा शेजाऱ्याचा घ्यायचा, आज माझं शेत, उद्या तुझं. हा पैरा. शेतातून ती रीत जवळपास उठून गेली, मैदानात मात्र जिवंत आहे. आजही एका मालकाचा बैल दुसऱ्याच्या बैलाशेजारी जुंपला जातो आणि शर्यतीआधीची चर्चा असते, ‘पैरा कोणाचा?’ लाखांची किंमत सांगणारे मालक ज्या शब्दावर हुज्जत घालतात तो एका बैलाच्या शेतकऱ्याच्या अडचणीतून आलेला आहे, ही गंमत मला फार आवडते.

मोटारींच्या दुनियेत बिनजोडीला ड्रॅग रेस म्हणतील. तिथेही दोनच गाड्या, सरळ रस्ता, पाव मैल, म्हणजे सुमारे 402 मीटर. हे अंतर इंजिनाच्या आधीचं आहे. वसाहतीच्या काळात व्हर्जिनियातल्या खेड्यांत दोन घोडे गावच्या रस्त्यावर पाव मैल पळवत. क्वार्टर हॉर्स ही जात त्यातूनच नावाला आली. 1950 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता आना विमानतळाच्या धावपट्टीवर सी. जे. हार्ट यांनी तिकीट लावून मोटारींच्या शर्यती सुरू केल्या. पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. लोक घरची गाडी घेऊन येत, पळवत आणि तीच चालवत घरी जात. मग पैसेवाले आले, इंजिनं बदलली गेली, आणि कारखान्यातून निघाली तशीच गाडी पळवणाऱ्यांसाठी स्टॉक नावाचा वर्ग राखावा लागला. त्यात गाडीचं वजन आणि इंजिनाची ताकद यांच्या प्रमाणावर गट पाडतात.

आपल्याकडे हेच काम दात करतात. दुधाचे दात न पडलेला तो आदत, दोन दात आलेला दुसा, चार आलेला चौसा. वयाने गट पडतो, पैशाने नाही. तरी पैसा शिरलाच. मुंबईची जकात चुकवायला मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या गावांत गोदामं उभी राहिली, खाचरं गेली, त्यांच्याबरोबर चिखलणीही गेली. जमिनीच्या पैशातून जे आले ते घाटावरचे खिल्लार: उंच, सडपातळ, तापट. त्यांना दूध, अंडी, खारकांचा खुराक. या बैलांनी नांगर पाहिलेला नसतो.

म्हणून जुनी माणसं हळहळतात. त्या हळहळीत मी निम्माच सामील. जुन्या दिवसांत पराणीच्या टोकाला लोखंडी आर होती आणि ती बैलाच्या अंगात जायची, हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली येतो. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी या शर्यती बंद केल्या त्यामागे असलीच क्रूरता होती. राज्याने 2017 मध्ये कायदा दुरुस्त केला, पण मैदानं खुली झाली ती 16 डिसेंबर 2021 च्या परवानगीनंतर, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने त्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केलं. आता बैलाला टोचणं, मारणं गुन्हा आहे. माझ्या मते आर गेली ते उत्तमच झालं. पैरा उरला तेवढ्यावर मी समाधानी आहे.

दातांवरून वाद मात्र हटकून होतात. आदत म्हणून उतरलेल्या बैलाबद्दल कुणाला शंका आली की दोघेतिघे त्याला धरतात, जबडा उघडतात आणि भोवती गर्दी करून आत डोकावतात. अमेरिकेत स्टॉक वर्गातल्या जिंकलेल्या गाडीचंही इंजिन उघडून तपासतात, फक्त ते इंजिन तपासणाऱ्यांना शिंगं उगारत नाही.