घराभोवती फुलझुडपे लावताना गोठा, मुले आणि बाग यांचा आधी विचार करा

महामार्गाच्या दुभाजकात कण्हेर वर्षभर फुललेली दिसते. पाणी कमी लागते, जनावर तोंड लावत नाही, फांदी खोचली तरी जगते. म्हणून अनेक शेतकरी तिच्या फांद्या आणून घरापुढे किंवा गोठ्याच्या कडेला लावतात. जनावर तोंड लावत नाही याचे कारण मात्र लक्षात घेतले जात नाही. ती विषारी आहे.

शहरातील बंगल्यापुढे झुडूप निवडताना रंग, उंची आणि सुवास पाहिला तरी चालते. शेतकऱ्याच्या घराजवळ गोठा असतो, अंगणात मुले खेळतात आणि कुंपणापलीकडे पीक असते. त्यामुळे निवड करताना पुढील तीन गोष्टी आधी तपासाव्यात.

१) जनावरांना व मुलांना धोका

- कण्हेर : पान, फूल, फांदी, मूळ असे सर्व भाग विषारी असतात व त्यांचा हृदयावर परिणाम होतो. उभ्या झुडपाचा पाला कडू असल्याने जनावरे सहसा खात नाहीत. धोका छाटणीनंतर वाढतो. छाटलेला पाला सुकला की कडूपणा कमी जाणवतो, विष मात्र टिकून राहते. असा पाला गवतात किंवा कडब्यात मिसळून गव्हाणीत गेला, तर मूठभर पानेही मोठ्या जनावराच्या जिवावर बेतू शकतात.
- बिट्टी (पिवळी कण्हेर) : हिच्या बिया विशेष घातक असतात. मुले त्या खेळायला घेतात.
- मोगली एरंड (चंद्रज्योत) : कुंपणाला सर्रास लावतात. बिया चवीला बऱ्या लागत असल्याने मुले खातात आणि उलट्या-जुलाब सुरू होतात.
- घाणेरी : पाला खाल्ल्यास जनावरांच्या यकृतावर परिणाम होऊन कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते.

जनावराने कण्हेर खाल्ल्याची शंका आली, तर लाळ गळणे, चारा सोडणे, जुलाब अशा लक्षणांची वाट पाहू नये. गव्हाणीतील उरलेला चारा काढावा, जनावर एका जागी शांत ठेवावे आणि पशुवैद्यकास लगेच बोलवावे. खाल्लेल्या झुडपाची फांदी त्यांना दाखवावी, उपचाराची दिशा ठरवणे सोपे जाते. मुलाने बी खाल्ल्यास घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

२) पिकावरील किडींना आसरा

- संत्रा, मोसंबी, लिंबू बागायतदारांनी घराजवळ कुंती (कामिनी) लावू नये. ती आणि कढीपत्ता ही दोन्ही झाडे लिंबूवर्गीय कुळातील आहेत. सिट्रस सायला ही कीड त्यांच्या कोवळ्या पालवीवर वाढते आणि तिथून बागेत जाते. ग्रीनिंग रोगाचा प्रसार हीच कीड करते. कढीपत्त्याचे एखादे झाड असेलच, तर प्रत्येक नवी पालवी फुटताना तपासावी.
- कपाशी उत्पादकांनी जास्वंदीवर लक्ष ठेवावे. दोन्ही एकाच कुळातील असल्याने पिठ्या ढेकूण कपाशीचे पीक निघाल्यावर जास्वंदीवर तग धरतो. म्हणून जास्वंद काढून टाकण्याची गरज नाही. पांढरा कापूस दिसलेले शेंडे कापून नष्ट करावेत, पाण्याचा जोरदार फवारा मारावा व ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. मुंग्या ही कीड पसरवतात, त्यांचाही बंदोबस्त करावा.

३) जमीन व जागा

- कोरडवाहू, हलकी जमीन : बोगनवेल, मेंदी.
- कोकण व गोव्यातील जांभ्या मातीत : एक्झोरा, अनंत, जास्वंद.
- मध्यम, निचऱ्याची जमीन : मोगरा, तगर, जास्वंद, अबोली.
- कुंपणासाठी : अडुळसा व निरगुडी. दोन्ही फांदीपासून येतात, जनावरे खात नाहीत आणि दोन्ही औषधी आहेत.

चुनखडीयुक्त जमिनीत एक्झोरा व अनंत पिवळे पडतात. शिरा हिरव्या व मधला भाग पिवळा दिसल्यास ती लोहाची कमतरता समजावी. प्रति लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस मिसळून सायंकाळी फवारावे. जमीन फारच चुनखडीची असेल, तर दुसरे झुडूप निवडणेच शहाणपणाचे.

रोपवाटिकेतील एक फुटाची जास्वंद पुढे सहा-आठ फूट वाढते. म्हणून भिंतीपासून किमान तीन ते चार फूट अंतर सोडावे.

लागवड व निगा

१. पावसाळ्याच्या सुरुवातीला दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डे घ्यावेत. मातीत ८ ते १० किलो चांगले कुजलेले शेणखत व मूठभर निंबोळी पेंड मिसळून भरावेत. काळ्या जमिनीत पाणी साचत असेल, तर उंचवट्यावर लागवड करावी.

२. पहिल्या वर्षी पाऊस नसताना तीन-चार दिवसांनी पाणी द्यावे. खोडाभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करावे, पण ते खोडाला चिकटू देऊ नये.

३. साबणाचे सांडपाणी रोज एकाच झुडपाला देऊ नये. जमीन खारवते.

४. मोगऱ्याचे पाणी डिसेंबरमध्ये तोडावे. साधारण दोन आठवड्यांनी दीड फुटावर छाटणी करून शेणखत व पाणी द्यावे. फूल नव्या फुटीवर येते, म्हणून छाटणी टाळू नये.

५. जास्वंद व तगर यांच्या वाळलेल्या, दाटीच्या फांद्या पावसाळ्यापूर्वी काढाव्यात. बोगनवेलीला पाणी जास्त झाले, तर पाला वाढतो, फुले कमी येतात.

६. मेंदीचे कुंपण कापताना तळ रुंद व माथा अरुंद ठेवावा, म्हणजे खालच्या फांद्यांना ऊन मिळून त्या उघड्या पडत नाहीत.

कण्हेर आधीच लावलेली असेल तर

गोठा, गव्हाण आणि चाऱ्याची गंज यांच्याजवळची झुडपे मुळासकट काढावीत. काम करताना हातमोजे घालावेत. पाला-फांद्या बांधावर टाकू नयेत, चुलीत जाळू नयेत. खोल खड्ड्यात पुराव्यात. पूजेसाठी एखादे झुडूप ठेवायचेच असेल, तर ते जनावरांच्या वाटेपासून दूर ठेवावे. त्याची छाटणी कोण करणार आणि पाला कुठे जाणार, हे घरात ठरवून ठेवावे. रोजंदारीवर येणाऱ्या मजुरालाही ते सांगावे. अनेकदा कुंपण छाटणारा आणि वैरण टाकणारा माणूस वेगळा असतो.

कृषी सहायकांनी शेतभेटीत पिकाबरोबर घराभोवती एक फेरी जरूर मारावी. गोठ्याशेजारी कोणते झुडूप आहे, एवढे पाहिले तरी एखादे जनावर वाचू शकते.