मोरसची साखर आणि मोरसची वाट



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मीही चार ओळी लिहाव्यात, असा आपल्या चिटणीसबाईंनी आग्रह धरला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाणसामानाच्या यादीपलीकडे मी कधी फारसे लिहिलेले नाही. तेव्हा भाषेत काही उणेअधिक असल्यास सांभाळून घ्यावे.

माझे धाकटे भाऊ नोकरीनिमित्त दोन वर्षे मॉरिशस बेटावर होते. गेल्या वर्षी त्यांनी आम्हां उभयतांना पंधरा दिवसांसाठी बोलावून घेतले. परत आल्यावर पुष्कळ जणींनी विचारले, "काय काय पाहिलेत?" मी समुद्र सांगितला, रंगीत माती सांगितली, मोठमोठ्या पानांची कमळे सांगितली. पण मनात घर करून राहिलेली एक गोष्ट सांगायची राहूनच गेली. ती येथे सांगते.

माझी आजी साखरेला नुसते साखर कधीच म्हणत नसे. "मोरस साखर आण गं," असे म्हणे. गूळ घरचा आणि पांढरी दाणेदार साखर ती मोरस. लहानपणी मला वाटे, मोर नावाच्या कुणा व्यापाऱ्याची ती साखर असावी. पुढे कळले की मोरस म्हणजे मॉरिशस. त्या बेटावरची साखर मुंबई बंदरात उतरे आणि तेथून गावोगाव जाई, म्हणून तिला हे नाव पडले. स्वदेशीच्या चळवळीत पुष्कळ घरांनी ती वर्ज्य केली, पण नाव जिभेवर राहिलेच.

आजी आणखीही एक गोष्ट सांगे. तिचे माहेर रत्नागिरीकडचे. तिच्या आजीला एक थोरली जाऊ होती. तिचा नवरा ऐन तारुण्यात "मोरसला गेला" आणि पुन्हा आला नाही. पत्र नाही, निरोप नाही. ती बाई जन्मभर कुंकू लावून राहिली. सणावारी घरात साखर आली की ती तोंडात घालीत नसे. का, ते तिने कधी कुणाला सांगितले नाही. मॉरिशसला जायचे ठरले तेव्हा ही गोष्ट मला आठवली आणि वाटले, आपण नुसते पाहुणे म्हणून चाललेलो नाही.

आता ह्या बेटाचा थोडा इतिहास सांगते. बेट तसे लहानच. लांबी सुमारे 65 किलोमीटर, म्हणजे आपल्या पनवेलहून नागोठण्याच्या थोडे पुढे जावे इतकी. आणि रुंदी सुमारे 45. आपल्या रायगड जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही ते लहान भरेल. 1598 साली तेथे डच लोक आले. ऊस प्रथम त्यांनीच आणला. मग 1715 मध्ये फ्रेंच आले आणि 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. उसाच्या मळ्यांत राबायला आफ्रिकेतून व मादागास्करहून गुलाम आणलेले असत. 1 फेब्रुवारी 1835 रोजी तेथील गुलामगिरी कायद्याने बंद झाली. पण ऊस काही थांबत नाही. त्याला हात हवेतच. ते हात आपल्या देशातून नेण्याची सुरुवात त्याच्या आदल्या वर्षीच झाली होती. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'ॲटलास' नावाच्या जहाजातून 36 मजूर पोर्ट लुईस बंदरात उतरले. तेव्हापासून पुढच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत हिंदुस्थानातून साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्या बेटावर गेली. बहुतेक बिहारकडची आणि मद्रासकडची. आपल्या मुंबई बंदरातून गेलेली त्या मानाने थोडी. पण त्यांत रत्नागिरी, मालवण, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर इकडची कितीतरी होती.

करार पाच वर्षांचा आणि पगार महिना पाच रुपये; शिवाय तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा. कामाला एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापीत. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईचा असा पगार कापायचे आपल्या मनातही येणार नाही.

माझे भाऊ क्वात्र बोर्न नावाच्या गावात राहत. तेथून सारे बेट आम्ही बसने आणि मेट्रोने पाहिले. मोटारीची हौस आम्हांला नव्हती आणि परवडणारीही नव्हती. बस मिळायला अडचण पडत नसे. तेथेही पैशाला रुपयाच म्हणतात, मात्र तो आपल्या रुपयाहून वेगळा. उजवीकडे, डावीकडे उसाची शेते आणि मध्येमध्ये काळ्या दगडांचे मोठाले ढीग. मला आधी वाटले, हे पडके बुरूजच आहेत. भाऊ म्हणाले, "ताई, जमीन उसाला मोकळी करताना मजुरांनी हातांनी वेचलेले दगड आहेत हे." दगडही आपल्या सह्याद्रीसारखा काळा कातळ. ज्यांनी घरी दगड फोडून वरकस जमीन लावली, त्यांनाच सातासमुद्रापलीकडे जाऊन पुन्हा दगडच उचलावे लागले!

एके दिवशी आम्ही बो प्लां येथील साखरेचे संग्रहालय पाहिले. जुन्या साखर कारखान्यातच ते मांडले आहे. कारखाना 1999 मध्ये बंद झाला आणि 2002 पासून तेथे संग्रहालय आहे. शेवटी निरनिराळ्या तऱ्हेची साखर चाखायला देतात. सर्वांनी चाखली. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. आमच्या ह्यांनी विचारले, "का हो?" मला काही सांगता येईना.

ह्या संग्रहालयात फिरताना आणि नंतर भावांनी मिळवून दिलेल्या पुस्तकांवरून मला एक गोष्ट समजली. ती वाचून त्या रात्री मला झोप आली नाही. पाच वर्षांचा करार संपला की मजूर मोकळा, असे कागदावर होते. पण 1867 साली कायदा झाला की, अशा मोकळ्या झालेल्या मजुरानेही आपली तसबीर लावलेले तिकीट आणि पोलिसांचा पास सतत जवळ बाळगला पाहिजे. तिकीट घरी विसरले, हरवले, पावसात भिजले, किंवा परवानगीवाचून माणूस एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेला, की तो भटक्या ठरे आणि त्याला पकडून नेत. पनवेलच्या माणसाने लेकीला भेटायला पेणला जावे आणि वाटेत शिपायाने त्याला कोठडीत टाकावे, असाच तो प्रकार. आणि गंमत अशी की, त्याच्या तीनच वर्षे आधी, 1864 साली, बेटावर आगगाडी सुरू झाली होती. गाडी दारावरून शिट्टी घालीत जाई. तिच्यात बसून जायची मोकळीक मात्र नव्हती.

हा अन्याय चव्हाट्यावर आणला तो प्लेव्हिट्झ नावाच्या एका गोऱ्या मळेवाल्यानेच. त्याने 1871 साली मजुरांचा एक अर्ज तयार केला. त्यावर नऊ हजारांहून अधिक मजुरांच्या सह्या होत्या. त्यापायी त्याला मळेवाल्यांचा मारही खावा लागला. पण अर्ज फुकट गेला नाही. पुढच्याच वर्षी विलायतेहून चौकशी आयोग नेमला गेला आणि 1878 साली कायदा काहीसा सौम्य झाला. 1901 मध्ये आफ्रिकेहून परतताना गांधीजी ह्या बेटावर काही दिवस उतरले होते. पुढे त्यांच्याच सांगण्यावरून मणिलाल डॉक्टर हे वकील 1907 मध्ये तेथे गेले आणि मजुरांचे खटले लढले. 12 मार्च 1968 रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. दांडीयात्रेचा आरंभही 12 मार्चचाच.

हे कळल्यावर माझे प्रेक्षणीय स्थळे पाहणे निराळेच झाले. चामारेलची सात रंगांची माती पाहिली, ल मॉर्नचा उभा कडा पाहिला. पळालेले गुलाम त्या कड्यावर जाऊन लपत असत. गंगा तलावावर गेलो. महाशिवरात्रीला तेथे सारे बेट पायी लोटते. प्रत्येक ठिकाणी वाटे, आपण सकाळी ह्या जिल्ह्यातून निघालो आणि दुपारी त्या जिल्ह्यात जेवलो. कुणी विचारलेसुद्धा नाही. आगगाडी तर 1964 साली पुरती बंद पडली. आता 2020 पासून मेट्रो धावते आणि 2022 पासून ती क्यूरपीपपर्यंत जाते. तिचा बराचसा मार्ग त्या जुन्या आगगाडीचाच आहे.

कास्कावेल म्हणून पश्चिमेकडे एक गाव आहे. तेथे मराठी वस्ती बरीच. त्या बसमध्ये माझ्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. माझे मंगळसूत्र पाहून हसल्या. त्यांची बोली क्रिओल, माझी मराठी. वहिनींनी मध्ये दुभाष्याचे काम केले. त्या म्हणाल्या, "मी मराठी. पण बोलता येत नाही." मग त्यांनी हलक्या आवाजात गणपतीची आरती म्हटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न चुकता! बसमधली माणसे पाहू लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आले. गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. तेथील पहिला गणपती 1896 साली आँरिएता गावी एका मराठी घरी बसला, असे सांगतात. आपल्या कोकणातली जाखडीही तिथल्या मराठी माणसांनी 'झाकरी' म्हणून जपली आहे. मोका येथे 2023 मध्ये शिवछत्रपतींचा पुतळाही उभा राहिला.

उतरताना मी पाहिले, त्या बाईंनी भाडे दिले नाही. वहिनी म्हणाल्या, "2005 सालापासून येथे साठीच्या पुढच्यांना आणि विद्यार्थ्यांना बस फुकट." आपल्याकडे 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले, त्याचे आपल्याला किती अप्रूप वाटले होते! आणि येथे तर ज्यांच्या पणज्याला तिकीट विसरले म्हणून कोठडी मिळत होती, त्यांची पणती तिकिटावाचून सारे बेट फिरते. मनात म्हटले, थोरल्या, कुठे असाल तेथून हे पाहा!

शेवटी आम्ही पोर्ट लुईसला अप्रवासी घाटावर गेलो. मजुरांना उतरवून घेण्याचे ठाणे 1849 साली येथे झाले. समुद्रातून वर येणाऱ्या त्या दगडी पायऱ्या अजून आहेत. 2006 पासून ती जागा जागतिक वारसा मानली जाते. मजुरांच्या नोंदींच्या वह्या मात्र मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. नाव, बापाचे नाव, वय, गाव, उंची, अंगावरची खूण, असे सारे त्यांत लिहिलेले. आणि पुढच्या काळातल्या कित्येकांच्या तसबिरीही आहेत. भाऊ मला म्हणाले, "ताई, आपल्या त्या माणसाचे नाव सांग. चौकशी करू."

भगिनींनो, मला नाव सांगता आले नाही.

कारण ते कुणालाच ठाऊक नाही. घरातल्या पुरुषांनी तो विषय पुन्हा काढला नाही. गोष्ट राहिली ती बायकांच्या तोंडी. आणि बायकांनी नाव कसे घ्यावे? बायकोने नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, जावेने तर थोरल्या दिराचे मुळीच नाही. एरवी मंगळागौरीला, बारशाला उखाण्यात तेवढे नाव निघते. पण जिचा नवरा समुद्रापलीकडे नाहीसा झाला तिला उखाणा कोण घ्यायला लावणार? सरकारच्या वहीत तो अजूनही असेल, नावगावासकट, कदाचित तसबिरीसकट. आमच्या घरात मात्र तो नुसता "थोरले" म्हणून उरला. पायऱ्यांवर मी हळदकुंकू वाहिले, थोरल्यांसाठी आणि त्यांची वाट पाहणाऱ्या त्या माउलीसाठी. तिचेही नाव मला ठाऊक नाही.

म्हणून एक विनंती करते आणि लेखणी खाली ठेवते. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीने घरातल्या जुन्या माणसांना विचारून आपल्या आजीचे, पणजीचे, त्यांच्या नवऱ्यांचे आणि गाव सोडून गेलेल्यांचे नाव लिहून आणावे. मंडळाने त्याची एक वही करावी. वाण म्हणून त्या दिवशी मी प्रत्येकीच्या हातावर साखर ठेवीन, आणि त्या वेळी मीही खाईन.